गोगलगायवाल्या बाईंचा अर्ज

स्वतःची स्तुती करायची नाही, हा माझा नेम आहे. खोटं बोलायचं नाही, हा दुसरा. झोपलेल्या जिवाला उठवायचं नाही, हा तिसरा. त्यामुळे आमच्या ह्यांना ऑफिसला उशीर कोणामुळे होतो, यावर घरात रोज चर्चा होते. आणि चौथा नेम सगळ्यांत जुना: पहाटे उठल्यापासून माझी जपमाळ पूर्ण होईपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. माळ लांब आहे आणि मी ती सावकाश ओढते. देवाला कुठे घाई असते?

यातला एकही नेम कोणाच्या वाटेत येत नाही, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. मग मी पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी, अर्ज करायला घेतला.

"म्हणजे बघ," हे म्हणाले, "स्वतःबद्दल चांगलं लिहायचं नाही, खोटंही लिहायचं नाही, आणि वर नोकरी मागायची. अगं, यापेक्षा संन्यास घे. त्याला अर्ज लागत नाही."

मी काही बोलले नाही. तेव्हा माळ चालू नव्हती, पण काही वाक्यांना मौन हेच उत्तर बरं पडतं.

माझी पीएच.डी. गोगलगायींवर आहे. गोगलगायीच्या शंखावर टिचकी मारली की ती आत जाते, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. ती पुन्हा बाहेर कधी येते आणि कशाच्या भरवशावर येते, हे फारसं कोणाला ठाऊक नाही. मी सात वर्षं तेवढंच पाहिलं. टिचकी मारायची आणि वाट बघायची. माहेरी कोणी विचारलं की आई सांगायची, "ती संशोधन करते." कसलं, ते सांगायची नाही. सासरी मात्र आमच्या सासूबाई दारात उभ्या राहून साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगतात, "आमची सून गोगलगायींना टिचक्या मारते. सरकार तिला त्याचे पैसे देतं."

ते सरकार आता थांबणार होतं. कॉलेजातली माझी तात्पुरती जागा संपत आली होती. शिवाय बहुतेक विद्यापीठांचा नियम असा, की पीएच.डी. मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत पोस्टडॉक घ्यायची. त्यानंतर उमेदवार शिळा समजला जातो. माझं पाचवं वर्ष चालू होतं. यंदा जमलं नाही तर गोगलगायी सुटल्या त्या कायमच्या. मग मी शाळेत विज्ञान शिकवलं असतं, आणि ते वाईट नाही. पण एका प्रश्नाचं उत्तर अर्धं हाती आलेलं असताना उठून जाणं मला जपमाळ मध्येच ठेवून उठण्यासारखं वाटतं.

त्यात कॉलेजनं माझी प्रयोगशाळा हिशेब विभागाला देऊन टाकली. गोगलगायी घरी आणाव्या लागल्या. त्यांना ओल लागते, अंधार लागतो आणि शांतता लागते. घरात या तिन्ही गोष्टी फक्त मागच्या लहान बाथरूममध्ये मिळत होत्या. तिथे काचेच्या बरण्या रांगेनं मांडल्या. बरणीत ओली माती, काकडीच्या चकत्या, शंखाला चुना मिळावा म्हणून खडूचा तुकडा.

"मी या घरात आले तेव्हा बाथरूममध्ये फक्त पाणी असायचं," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंविषयी थोडं सांगायला हवं. त्यांचा देवावर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, हवामानखात्यावर तर मुळीच नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत त्या बोलतात. ऐकायला माणूस नसेल तर नळाशी बोलतात. "आलास का? ये. काल कुठे होतास?" घरातलं सगळं मौन माझ्याकडे आणि सगळं बोलणं त्यांच्याकडे, सरासरी उत्तम येते.

शेजारच्या काकू बरण्या बघायला आल्या. बघता बघता त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला.

"डॉक्टर झालीस ना तू? मग आता परत कसलं शिकायला जायचं? पहिल्यांदा काही कच्चं राहिलं का?"

"शिकायला नाही काकू, संशोधन करायला. दोन वर्षांसाठी."

"आणि दोन वर्षांनी पक्की नोकरी?"

"नाही. मग दुसरी पोस्टडॉक शोधायची."

काकू उठल्या. जाताना दारात सासूबाईंना हळूच म्हणाल्या, "पोरीला जरा विश्रांती द्या हो." काकूंचं हळूच खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. माझं मोठ्यानं समोरच्यालाही जात नाही. देवानं वाटप करताना काहीतरी गफलत केली असावी. पण तक्रार करायची नाही, असा पाचवा नेम घेण्याच्या मी बेतात आहे.

तर अर्ज. अर्जासोबत एक पत्र जोडायचं असतं, त्यात आपण कोण, काय केलं आणि आपल्यालाच का घ्यावं, हे सांगायचं. मी संध्याकाळी शुचिर्भूत होऊन बसले आणि खरं तेच लिहिलं: "मी सात वर्षं गोगलगायींचं निरीक्षण केलं. माझ्याहून हुशार लोक या विषयात आहेत. एकदा माझ्या दुर्लक्षामुळे एक बरणी उन्हात राहिली आणि तीन गोगलगायी दगावल्या; त्याचं दुःख अजून आहे. आपल्याला योग्य वाटल्यास माझा विचार व्हावा. न वाटल्यासही हरकत नाही."

ह्यांनी पत्र वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं.

"हे नोकरीसाठी आहे, की त्या तिघींच्या शोकसभेसाठी?"

वरच्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. आयुष्यभर त्यांनी अर्ज घेतले, फेटाळले, दाबून ठेवले आणि क्वचित मंजूरही केले. सासूबाईंनी त्यांना खिडकीतूनच हाक मारली. ते खाली आले, पत्र हातात धरलं आणि मटकन खुर्चीत बसले.

"याला विषय कुठे आहे? संदर्भ कुठे आहे? 'उपरोक्त विषयान्वये' नाही, 'सविनय सादर' नाही. ताई, असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो वाचलाच नसता."

"आणि तसं सगळं असतं तर?" ह्यांनी विचारलं.

"तरी वाचला नसता. पण फाईलला लावला असता!"

त्याच वेळी माझे धाकटे दीर आले. भाऊजी घरोघरी पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकतात आणि ज्यांच्याकडे पाणीच येत नाही अशांनाही त्यांनी ती विकलेली आहेत. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाले, "वहिनी, तू बाजूला हो. तुझा नेम काय? तू स्वतःची स्तुती करायची नाही. मी केली तर चालेल ना?"

मी विचारात पडले. दुसऱ्यानं केलेली स्तुती नेमात बसते की नाही, हे मी देवाला मनातल्या मनात विचारलं. त्याच्याकडून काही हरकत आली नाही. मौन म्हणजे संमती, असं मी धरलं. ज्यांना मौनाची सवय असते त्यांना हा अर्थ फार सोयीचा पडतो.

भाऊजींनी लिहिलं, "गोगलगाय संशोधनाच्या क्षेत्रातलं आघाडीचं नाव..."

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"देशात तुझ्यासारखं काम करणारे किती जण?"

"असतील सहा-सात."

"मग सातवी असलीस तरी पहिल्या दहात आलीस की!"

मी वाक्य तपासून पाहिलं. खोटं नव्हतं. स्तुती होती, पण माझ्या हातची नव्हती. एवढं स्वच्छ पाप मी यापूर्वी पाहिलं नव्हतं.

पत्र पाठवायचं कामही भाऊजींनीच अंगावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. त्यांनी देशोदेशीच्या चाळीस प्राध्यापकांचे पत्ते गोळा केले आणि एकाच ईमेलमध्ये, सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसतील असं, पत्र सगळ्यांना एकदम पाठवून दिलं. पत्राची सुरुवात होती, "प्रिय प्राध्यापक आडनाव". तिथे प्रत्येकाचं आडनाव घालायचं राहून गेलं होतं.

पहिलं उत्तर आलं, "माझं आडनाव 'आडनाव' नाही." दुसरं उत्तर सगळ्यांनाच होतं: "आपल्यापैकी ज्यांना या बाई हव्या असतील त्यांनी घ्याव्यात आणि ही साखळी कृपया थांबवावी." तिसरं उत्तर या दुसऱ्यांना होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी कोणत्याशा गोगलगायीला या दुसऱ्यांनी चुकीच्या कुळात घातलं, हे ते तिसरे अजून विसरले नव्हते. मग दोघांची जुंपली. बाकीच्यांनी बाजू घेतल्या. कोणाच्या गुरूंची, कोणाच्या पहिल्या शोधनिबंधाची उणीदुणी निघाली. मी अत्यंत नम्र शब्दांत शांततेचं आवाहन केलं. लिहून केलेलं माझं बोलणंही कोणाला ऐकू जात नाही, असं दिसलं.

"प्रसिद्धी झाली ना पण?" भाऊजी म्हणाले.

आठवडाभर मी कॉम्प्युटरकडे फिरकले नाही. शंखात शिरले म्हणा ना. गोगलगायीबद्दल मी इतकं वाचलंय, पण तिला आत नेमकं काय वाटतं ते मला त्या आठवड्यात कळलं. आत उबदार असतं आणि फार लाज वाटते.

आणि मग, त्या चाळिसांपैकी एकीचं, मला एकटीला आलेलं पत्र मिळालं. एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई. "भांडण वाचून करमणूक झाली. त्यानिमित्तानं तुमचा शोधनिबंध पुन्हा काढला. आमच्याकडे एक जागा आहे, रीतसर अर्ज करा. तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे, तो मुलाखतीत विचारू."

"कसला प्रश्न असेल?" मी ह्यांना विचारलं.

"आडनाव विचारणार," हे म्हणाले.

रीतसर अर्ज म्हणजे पोर्टल. पोर्टलला पदवीचं मूळ प्रमाणपत्र हवं होतं आणि शिफारशी हव्या होत्या. प्रमाणपत्रासाठी मी माझ्या जुन्या विद्यापीठात गेले. खिडकीतल्या साहेबांनी सांगितलं, "तयार आहे, पण देता येत नाही. सही आहे, शिक्का नाही."

"शिक्का कुठे असतो?" मी विचारलं.

"मोठ्यानं बोला."

मी माझ्या परीनं मोठ्यानं बोलले. मागच्या माणसानं माझं वाक्य त्यांना पोचवलं.

"शिक्का कपाटात. कपाटाची किल्ली ज्या बाईंकडे, त्या रजेवर. विषय काय तुमचा?"

"गोगलगायी."

साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "मग तुम्हाला घाई कसली?"

मी बाकावर बसले. भांडता मला येत नाही, पण वाट बघण्याचं माझं शिक्षण रीतसर झालेलं आहे. दुपार झाली, खिडकी बंद झाली, उघडली. संध्याकाळी दिवे मालवायला लागले तेव्हा साहेबांच्या लक्षात आलं, की मला आत ठेवून कुलूप लावता येणार नाही. कपाटाची दुसरी किल्ली त्यांच्याच खणात निघाली.

शिफारशीसाठी आमच्या सरांकडे गेले. सरांनी मला टिचकी मारायला शिकवलं. पण ईमेल ते उघडत नाहीत. ते खातं त्यांच्या पत्नीच्या हाती असतं. बाईंनी मला बसवलं, चहा दिला आणि आपणच सरांच्या वतीनं लिहायला घेतलं.

"काय लिहू गं? हे म्हणतात, 'वेळेवर येते' असं लिही."

"सात वर्षांत तेवढंच?" मी हळूच म्हटलं.

आतल्या खोलीतून सरांचा आवाज आला, "लिही, वेळेच्याही आधी येते! झाडूवाले येण्याच्या आधी येते!"

ते खरंच होतं. प्रयोग मी पहाटेच करायची. फाटक उघडलं की माळ हातात घेऊन प्रयोगशाळेत जायचं, टिचकी मारायची आणि जप करत बसून राहायचं. फाटकावरचा पहारेकरी मला कित्येक महिने मुकी समजत होता. एकदा दुपारी मी त्याला वेळ विचारली तर त्यानं कपाळाला हात लावून आकाशाकडे पाहिलं.

अर्ज गेला. आणि चमत्कार असा, की मुलाखतीचं बोलावणं आलं. घरबसल्या, कॅमेऱ्यावर. वेळ दिली होती त्यांच्या देशातली. ती आपल्याकडे किती वाजता पडते, हे काढायला हेडक्लार्क काका आले. त्यांनी बोटं मोजली, भाऊजींच्या लहानपणीचा पृथ्वीगोल मागवला, तो दोनदा फिरवला आणि निर्णय दिला, "संध्याकाळी. दिवेलागणीला. लिहून देतो." आणि खरंच लिहून दिलं, खाली सही करून.

काकांनी जिथे वजा करायचे तास होते तिथे मिळवले होते, हे आम्हाला मुलाखतीच्या दिवशी पहाटे कळलं.

माझी माळ नुकतीच सुरू झाली होती. हे धावत आले, अंगात बनियन, हातात माझा फोन. "अगं, त्यांचं आठवण करून देणारं ईमेल आलंय. मुलाखत आत्ता आहे. आत्ता!"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"किती राहिली माळ?"

मी हातानं दाखवलं. पुष्कळ.

"भरभर नाही का ओढता येणार?"

मी पुन्हा पाहिलं.

"बरं, बरं. राहू दे."

ह्यांनी घाईघाईनं त्या प्रमुख बाईंना लिहिलं, की वेळ पुढे ढकलता येईल का. उत्तर लगेच आलं. समितीतले दोघे त्यानंतर प्रवासाला निघणार होते आणि निर्णय आजच घ्यायचा होता.

हे माझ्यासमोर बसले. आवाज एकदम मऊ केला. "हे बघ, देव काही रागावणार नाही. एक दिवस. तुझं पाचवं वर्ष आहे. पुन्हा संधी नाही. मी त्याला समजावतो हवं तर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं बरोबर होतं, हेच तर वाईट होतं. इतक्या वर्षांत तापात, प्रवासात, एकदा तर घरात चोर शिरला तेव्हाही मी तोंड उघडलं नव्हतं. चोराला दार बोटानं दाखवलं होतं. मी देवाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे, मग नकळत दारात उभ्या असलेल्या सासूबाईंकडे. नेमधर्माची सगळ्यांत जास्त थट्टा त्याच करतात. त्या आता म्हणतील, बोल की गं बाई.

"तिला बोलायला लावू नकोस," सासूबाई ह्यांना म्हणाल्या. "तुझा तो देव आहे की नाही ते मला माहीत नाही. पण ही आहे. उद्यापासून ही पहाटे बोलायला लागली तर घरात कोण आलंय ते मला कळायचं नाही. लिहायला बसव तिला. किराणा नाही का लिहून मागवत!"

घरात इंटरनेट सगळ्यांत चांगलं कुठे येतं, तर मागच्या बाथरूमपाशी. कपडे धुण्याच्या यंत्रावर कॉम्प्युटर ठेवला. त्याच्या बाजूला जागा करायला ह्यांनी एक बरणी उचलली, तेव्हा बरणीतली गोगलगाय बाहेर निघून काठावर आलेली होती. ती तशीच यंत्रावर उतरली. तिला परत घालायला वेळ नव्हता. मी स्टुलावर बसले. डाव्या हातात माळ, उजव्या हातात पेन, मांडीवर कोरे कागद. पडद्याबाहेर उभे राहून हे कागद धरायला मदत करणार होते. सासूबाई दाराशी पहाऱ्याला.

पडद्यावर तिघे आले. आखूड पांढऱ्या केसांच्या प्रमुख बाई, एक दाढीवाला तरुण आणि टाय लावलेले एक गृहस्थ. मी पहिला कागद दाखवला: "क्षमा करा. ही माझ्या प्रार्थनेची वेळ आहे. ती संपेपर्यंत मी बोलत नाही. उत्तरं लिहून देईन."

तिघांनी कागद वाचला. एकमेकांकडे पाहिलं. टायवाले काहीतरी टिपून घेऊ लागले. तिकडेही एक हेडक्लार्क असतात तर, असं माझ्या मनात आलं. जपात असं मनात येऊ नये.

मग दाढीवाल्यानं तो प्रश्न विचारला. त्यानं माझा प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला होता. टिचकी मारल्यावर माझ्या गोगलगायी थोड्याच वेळात बाहेर येतात, असं मी छापलं होतं. त्याच्या मात्र तासन्‌तास बाहेर येत नव्हत्या. त्यानं माती बदलली, पाणी बदललं, उजेड बदलला. वर्ष घालवलं. "तुम्ही असं काय करता, जे निबंधात लिहिलेलं नाही?"

मी विचार करू लागले. मी तर सगळं लिहिलं होतं. खडूचा प्रकारसुद्धा.

मी काहीच लिहीत नाही हे पाहून टायवाले गृहस्थ खाकरले आणि सौम्यपणे म्हणाले, की आकडे जरा जास्तच चांगले वाटतात. कधीकधी उत्साहाच्या भरात संशोधकांकडून असं होतं.

माझा हात माळेवर थांबला. माझे केस चांगले नाहीत, माझी साडी चांगली नाही, माझं इंग्रजी चांगलं नाही, असं कोणी काहीही म्हणावं. पण आकडे!

"काय म्हणतो तो?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"आकडे खोटे असतील म्हणतो," हे पुटपुटले.

"खोटे?" सासूबाई आतच आल्या. बाथरूम मुळात एका माणसाचं आहे. "माझी सून खोटं बोलते? अरे टायवाल्या, माझ्या हातचा चहा पाणचट झाला तर ही तोंडावर सांगते मला! काकूंच्या जावयाचं नाक कसं आहे विचारलं तर खरं सांगून आली ही, त्या महिनाभर बोलत नव्हत्या! ही खोटं बोलेल?" आणि शेवटच्या शब्दासरशी त्यांनी कपडे धुण्याच्या यंत्रावर हात आपटला.

यंत्रावरची गोगलगाय सपकन आत गेली.

मी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. ओठांवर बोट ठेवून सासूबाईंकडे पाहिलं.

आणि सासूबाई गप्प झाल्या. मला वाटतं, धक्क्यानंच झाल्या. हे तर श्वास घ्यायचेच विसरले. ते बोट आपल्यासाठी आहे असं पलीकडच्या तिघांनाही वाटलं, म्हणून तेही गप्प झाले. मी पुन्हा माळ हातात घेतली. दुसरं काय करणार? रोज जे करते तेच. हलायचं नाही, बोलायचं नाही, बघायचं.

थोड्या वेळानं शंखाच्या तोंडाशी काहीतरी ओलसर चमकलं. मग एक शिंग, मग दुसरं, टोकाला डोळा घेऊन, सावकाश लांबत गेलं. दाढीवाला पडद्याला नाक लावून पाहत होता.

तेवढ्यात आमच्या दारावर दणदण थापा पडल्या. "ताई! संध्याकाळच्या मुलाखतीसाठी शुभेच्छा द्यायला आलो!" हेडक्लार्क काका फिरायला निघाले होते. यंत्र थरथरलं. गोगलगाय आत.

पुन्हा सगळे गप्प. पुन्हा तेवढाच वेळ. पुन्हा एक शिंग, मग दुसरं. प्रयोग दोनदा केल्याशिवाय विज्ञान मानत नाही. काकांनी तो नकळत दुसऱ्यांदा करून दिला. त्यांच्या हातून झालेलं ते एकमेव बिनचूक काम.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गोगलगायीला कान नसतात. पण टेबलाची थरथर, पायांची धप, वर वाकून बोलणाऱ्याच्या श्वासाची फुंकर, हे सगळं तिला अंगभर कळतं. मी कागद ओढला आणि लिहू लागले. पण प्रमुख बाई माझ्या आधी लिहून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांना बोलायला काहीच आडकाठी नव्हती, तरी त्यांनीही कागद कॅमेऱ्यासमोर धरला: "तुम्ही रोज अशाच बसता?"

मी मान हलवली.

"सगळे प्रयोग असेच केलेत?"

पुन्हा मान.

दाढीवाल्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. "आमच्या प्रयोगशाळेत," तो कुजबुजला, "दिवसभर रेडिओ चालू असतो."

बाईंनी तिसरा कागद धरला: "मग हे निबंधात का नाही लिहिलंत?"

त्याचं उत्तर मी बराच वेळ खाली मान घालून लिहिलं. "पद्धती या सदरात माती, पाणी, उजेड लिहिलं. 'संशोधिका नेमानं मौन पाळते' हे लिहिणं म्हणजे स्वतःची स्तुती झाली असती."

टायवाल्या गृहस्थांनी ते वाचलं. मघाचं टिपण काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. मग त्यांनीही ओठांवर बोट ठेवलं, गोगलगायीकडे पाहून मान लववली आणि पडदा बंद झाला.

माझी माळ संपली तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "नमस्कार." समोर फक्त ह्यांचा बनियन होता.

नेमणुकीचं पत्र आलं. त्यात पहिल्या परिच्छेदात माझ्याविषयी बरंच काही होतं. ते मी मोठ्यानं वाचू शकत नव्हते, म्हणून ह्यांनी वाचलं, आणि भाऊजींनी "आघाडीचं नाव" हे शब्द त्यात सापडतात का ते तीनदा शोधलं. शेवटी एक अट होती: तिथल्या सगळ्यांना सकाळचा पहिला तास गप्प बसायला मी शिकवायचं. "आणि मी इथे एकटा पडलो की मला कोण गप्प करणार?" हे म्हणाले. मग त्यांनी मान फिरवली आणि उगाचच कपाटं उघडून माझी मोठी बॅग शोधू लागले.

एकच प्रश्न उरला होता. बरण्या बरोबर नेता येत नव्हत्या. दुसऱ्या देशातले जीव आत घेत नाहीत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कागद लागतात. काकूंना विचारलं तर त्या दोन पावलं मागे सरकल्या. सासूबाईंना विचारायची माझी छाती झाली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी पहाटे मी उठले, माळ हातात घेतली आणि जरा चाहूल घेतली. घर फार शांत होतं. नळाशी कोणी बोलत नव्हतं. दुधाला कोणी रागावत नव्हतं. मी घाबरून मागच्या बाजूला गेले.

बाथरूमचं दार अर्धं उघडं होतं. स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या, पदर खोचून, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. समोरच्या बरणीत काकडीची ताजी चकती होती आणि तिच्या काठाशी एक गोगलगाय नुकतीच डोकं बाहेर काढत होती.

माझी सावली पडली तशी सासूबाईंनी वळून पाहिलं. माझ्या हातातली माळ पाहून त्यांच्या लक्षात आलं, की मी बोलू शकत नाही, आणि आपण बोललो तर गोगलगाय आत जाईल. बिचाऱ्यांची फार कोंडी झाली. शेवटी त्यांनी माझ्या मुलाखतीच्या कागदांतलाच उरलेला असावा असा एक कागद उचलला आणि मोठ्या अक्षरांत लिहून माझ्यापुढे धरला:

"नेमबिम काही नाही हं. ही बाहेर येईपर्यंतच."

मी दुसरं स्टूल आणलं आणि शेजारी बसले.